‘आयक्यू काढून आणा’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

पत्र:
माझा मुलगा 9 वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. तोंडी विचारलं तर सगळं येतं, स्टँडवरच्या गाड्यांचं अख्खं वेळापत्रक पाठ आहे, पण पुस्तक समोर आलं की अडतो. बी आणि डी उलटसुलट लिहितो. मराठीतही जोडाक्षर आलं की थांबतो. फळ्यावरचं निम्मंच उतरवून आणतो. मागच्या महिन्यात बाईंनी डायरीत लिहिलं, ‘आयक्यू टेस्ट करून आणा.’ मिस्टर म्हणतात, एकदा कागदावर आलं की पोराला ते जन्मभर चिकटेल. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही असेच होते, आपोआप सुधारेल. शाळेत बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारं शिबिर लागलंय, तेही करायचं का? त्याला मराठी शाळेत घालावं का? परवा तो मला म्हणाला, ‘आई, मी ढ आहे ना?’ काही सुचत नाही.
– एक आई, कराड

ताई,

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तपासणीची तारीख मिळेपर्यंत थांबणार नाही. ‘छे रे, तू तर किती हुशार!’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. शेजारचा मुलगा पान संपवतो आणि आपण अजून तिसऱ्या ओळीवर आहोत, हे त्याला रोज दिसतं. तुमच्या कौतुकापेक्षा त्याचा त्याच्यावरच जास्त विश्वास बसणार. त्याला सांगा, ‘तुला वाचायला जड जातं, हे खरं आहे. ते कशामुळे, हे ज्यांना कळतं त्यांच्याकडे आपण जाणार आहोत.’ त्याच्या वयाला एवढं पुरतं आणि यात खोटं काही नाही.

आता बाईंचा शेरा. त्यांनी अडचण हेरली आणि लिहून कळवली, याबद्दल त्यांचे आभारच माना. अशी कितीतरी मुलं ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यावर सातवी-आठवीपर्यंत ढकलली जातात. मात्र त्यांनी मागितलेली गोष्ट अपुरी आहे. समजा तुम्ही बुद्ध्यांक काढून आणलात आणि तो 104 आला. पुढे काय? वाचता का येत नाही, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. 84 आला तरी नाही. तुम्हाला हवं आहे ते मुलाचं पूर्ण मूल्यमापन: बुद्धी, वाचन, लेखन, गणित, लक्ष आणि मन, सगळं एकत्र पाहणारं. फोनवर वेळ घेताना ‘सायको-एज्युकेशनल असेसमेंट करायची आहे’ असं म्हणा, सगळीकडे हेच नाव चालतं. आणि सोबत तुमचा प्रश्न सांगा: ‘तोंडी येतं, पण वाचता-लिहिता येत नाही, असं का?’ प्रश्न नेमका असेल तर तपासणारा कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते त्यावरून ठरवतो. नुसतं ‘आयक्यू’ म्हणालात तर नुसता आयक्यूच हातात पडेल.

त्याआधी दोन साध्या गोष्टी उरकून घ्या. डोळे नेत्रतज्ज्ञांकडून तपासा; शाळेतल्या तक्त्यावर नव्हे, कारण लांबचं नीट दिसूनही जवळचं वाचताना ताण येणारी मुलं असतात. कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. सर्दी सारखी होत असेल, कान फुटत असेल, तर हे टाळूच नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की मुलाला ऐकू येतं, पण ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक पुसट होतो. रात्री घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल तर तेही बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. अपुऱ्या झोपेचं मूल वर्गात हुबेहूब ‘लक्ष नसलेल्या’ मुलासारखं दिसतं.

पहिल्या भेटीत तपासणारे मुलापेक्षा तुमच्याशीच जास्त बोलतील. गरोदरपण, बाळंतपण, बाळ रडलं कधी, बोलायला कधी लागलं, झटके आले होते का, शाळा किती वेळा बदलली. इथे सासूबाईंना सोबत न्या, हे मी मनापासून सांगते. ‘याचे बाबाही असेच होते’ हे वाक्य तुम्हाला अडथळा वाटतं, तपासणाऱ्याला मात्र ती फार कामाची माहिती आहे. वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. बाबांना कोणत्या इयत्तेपर्यंत अडचण होती, कोणी मदत केली, आजही फॉर्म भरायचा झाला की तो तुमच्याकडे सरकवतात का, हे त्यांनी स्वतः सांगितलं तर उत्तमच. (फॉर्मचं मी अंदाजाने लिहिलं. पण विचारून बघा.)

जाताना वह्या न्या. फक्त याच वर्षीच्या नकोत, दुसरी-तिसरीच्याही, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही. नीटनेटक्या निवडू नका. खाडाखोड केलेली, अर्धवट सोडलेली पानंच खरी बोलतात. बाईंना एक प्रश्नावली भरून मागितली जाईल, ती आठवणीने परत आणा. घरी आणि शाळेत मूल वेगळं वागत असेल तर त्या फरकावर बरंच अवलंबून असतं. लक्ष न टिकण्याचा विकार, म्हणजे एडीएचडी, आहे असं म्हणायचं तर खुणा एकाहून जास्त ठिकाणी दिसाव्या लागतात. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाला एडीएचडी नसतो. त्याला गणित नको असतं.

मग मुलाच्या चाचण्या, बहुतेक ठिकाणी दोन-तीन बैठकांत. त्यांतली एक बुद्धिमापनाची. तिच्याबद्दल लोकांच्या मनात इतकी भीती आहे की थोडा इतिहास सांगते. पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये तयार केली, तीच मुळी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. मुलांची कायमची प्रतवारी लावणं हा तिचा उद्देश नव्हता. ते नंतरच्यांनी केलं. त्या चाचणीचं आपल्याकडचं रूप व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलं. ‘बिने-कामत’ हे नाव तुम्हाला आजही अहवालांत दिसेल. दुसरी चाचणी मालिन यांची. नागपूरला काम करणाऱ्या आर्थर मालिन यांनी अमेरिकन वेक्स्लर चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली, 1969 मध्ये ती आली आणि ‘मिसिक’ या नावाने अजून चालते. माझं स्पष्ट मत आहे की अर्ध्या शतकापूर्वीच्या मुलांवरून ठरवलेल्या मापाने आजचं मूल मोजताना हात आखडता ठेवावा. जुनी मापं लावली की आकडा थोडा फुगतो. नव्या वेक्स्लर चाचणीची भारतीय आवृत्तीही उपलब्ध आहे. कोणती चाचणी घेणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

आकड्याकडे कसं बघायचं? सरासरी 100 धरलेली असते आणि दर तीन मुलांतली साधारण दोन 85 ते 115 च्या आत असतात. तेच मूल दुसऱ्या दिवशी बसलं तर चार-पाच गुण इकडचे तिकडे सहज होतात, म्हणून चांगल्या अहवालात एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी पट्टी देतात. त्याहून महत्त्वाचं असतं ते आतलं चित्र. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, ठोकळ्यांची नक्षी, ऐकलेले अंक उलटे म्हणणं, खुणा बघून भराभर चिन्हं भरणं, असे वेगवेगळे भाग असतात. तुमच्या मुलासारख्यांचं बोलण्याच्या भागात 110 आणि भराभर लिहिण्याच्या भागात 80 असं होऊ शकतं. त्याची गोळाबेरीज करून ‘95, नॉर्मल’ लिहिलं की सगळी माहिती त्यात बुडते. एकूण आकड्यावर बोट ठेवून अहवाल संपवणाऱ्याला विचारा: ‘आतले भाग किती आले? त्यांत एवढा फरक का?’

पण या पत्राचं मुख्य उत्तर वाचनाच्या चाचण्यांत आहे, आणि तिथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त घाई होते. इंग्रजी शाळेतल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला द्यायचा, अडखळला की ‘डिस्लेक्सिया’, म्हणजे वाचनाची अक्षमता, लिहायचं, हे मोकाट चालतं. ज्या मुलाच्या कानावर घरात इंग्रजी पडत नाही, ते इंग्रजीत अडखळणारच. ती भाषेच्या ओळखीची कमतरता झाली. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली टिकून राहणारी अडचण, म्हणायची तर शिकवण्याच्या भाषेचं अज्ञान आधी बाजूला काढावं लागतं. म्हणून आग्रह धरा: वाचन आणि लेखन दोन्ही भाषांत तपासा, आणि मुलाला सूचना मराठीत द्या. मराठीत साधन नाही ही सबब आता पूर्ण खरी नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच केला आहे, त्यात हिंदी, कानडी आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे.

मराठीत ही अडचण इंग्रजीसारखी दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. इंग्रजीत एका अक्षराचे चार उच्चार, त्यामुळे चुका ढीगभर होतात आणि लगेच डोळ्यांवर येतात. देवनागरी बरीचशी जशी ऐकू येते तशी लिहिली जाते, त्यामुळे मूल शेवटी शब्द बरोबर उच्चारतं, पण इतकं सावकाश आणि तोडून की ओळ संपेपर्यंत सुरुवातीचा अर्थ हातून सुटलेला असतो. पालकांना वाटतं, वाचता तर येतंय. अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. ‘दिवस’ मधली वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘द’च्या नंतर. ‘क्रम’, ‘कार्य’, ‘राष्ट्र’ यांत ‘र’ प्रत्येक वेळी नवं रूप घेऊन येतो. ऱ्हस्व-दीर्घात चुकणं तर मोठ्यांचंही चालू असतं, त्यावरून काही ठरवू नका. त्याच्या हातात दुसरीचं बालभारती द्या आणि नुसतं ऐका. तिथेही तो एकेक अक्षर जोडत असेल तर शंका पक्की धरा. सरळ वाचत असेल तर प्रश्न बराचसा इंग्रजीचा आहे, आणि तो सोडवायचा रस्ता अगदी वेगळा.

बी-डी उलटं लिहिण्यावर मात्र फार भर देऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं ते करतात. वाचनाच्या अडचणीचं मूळ बहुधा डोळ्यांत नसतं. शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकण्यात असतं. ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मळ’. हे चटकन येतं. पण ‘काम’ला ‘नाम’ करायला कोणता आवाज बदलला, हे अशा मुलाला सापडत नाही. तपासताना त्याला असे खेळ दिले जातील. घरी सराव करून नेऊ नका. पाठ केलेली उत्तरं घेऊन गेलेल्या मुलाचा अहवाल त्याच्या काही कामाचा नसतो.

मनाचा भाग थोडक्यात. ‘मी ढ आहे ना’ हे वाक्य तपासणाऱ्यांना जसंच्या तसं सांगा. चित्रं, गप्पा, अर्धी वाक्यं पुरी करणं, यांतून ते घाबरलेपण किंवा उदासपण पाहतील. काही मुलांत भीती आधी असते आणि वाचन तिच्यामुळे थांबतं. तुमच्या पत्रावरून इथे उलटं वाटतं, पण पत्रावरून निदान करू नये.

तपासणीच्या दिवशी सकाळची वेळ घ्या, रात्रीची झोप झालेली असू द्या, पोटभर खाऊन जा. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. ‘डॉक्टर इंजेक्शन देतील’ ही धमकी नको आणि ‘नुसता खेळ आहे’ ही थापही नको. ‘काही प्रश्न सोपे असतील, काही तुझ्या वयाला येणारही नाहीत, जेवढं येईल तेवढं कर’ एवढं सांगा. आणि तीच बुद्धिमापन चाचणी वर्षभरात दुसरीकडे पुन्हा करू नका; प्रश्न ओळखीचे झाले की आकडा चढतो. दुसरं मत हवंच असेल तर पहिला अहवाल लपवू नका.

कोणाकडे जायचं? बुद्धिमापन आणि निदान करणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणीकृत असावी. नोंदणी क्रमांक मागा. वाचन-लेखनाच्या चाचण्या विशेष शिक्षक घेतील, त्यांचीही तिथेच नोंद असते. एका तासात सगळं उरकून संध्याकाळी छापील अहवाल हातात देणाऱ्यांपासून लांब राहा. बोटांच्या ठशांच्या शिबिरापासून तर नक्कीच. बोटावरच्या रेषांवरून बुद्धी, आवड किंवा करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही. नाव इंग्रजी आणि अहवाल चाळीस पानी असल्याने हस्तसामुद्रिक बदलत नाही. शाळेने शिबिर लावलं म्हणून ते खरं ठरत नाही. पैसे वाचवा, खऱ्या तपासणीला लागतील.

खाजगीत काही हजार रुपये जातात. सरकारी वाट स्वस्त पण सावकाश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शाळेत तपासायला येणाऱ्या त्याच्या पथकाकडून पुढच्या तपासणीची चिठ्ठी घेता येते. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, त्याच्या जोडीला पुण्याचं ससून. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अशा मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याचे, तज्ज्ञ असतात. तुमची शाळा खाजगी असली तरी जाऊन भेटा, कुठे किती रांग आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

एक घोळ इथेच मिटवून टाकते. अहवाल वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळं. खाजगी अहवाल मुलाला कसं शिकवायचं ते सांगतो. बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर सरकारने नेमलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र 8 वर्षांच्या आधी देत नाहीत. तुमचा मुलगा त्या वयात बसतो. महाराष्ट्राने दहावीसाठी अशा सवलती 1996 मध्येच सुरू केल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता 21 दिव्यांगत्वांच्या यादीत घेतली आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद केली. प्रमाणपत्राची आज घाई नाही, पण नववीत धावाधाव करणारे पालक दरवर्षी दिसतात, तेव्हा विषय माहीत असू द्या.

हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. त्यांची भीती पोकळ नाही. लोक बोलतात, कराडसारख्या गावात जास्तच. पण अहवाल तुमच्या मालकीचा असतो. शाळेला सगळा द्यायची गरज नाही. तपासणाऱ्यांकडून एक पानी पत्र मागा, ज्यात आकडे नसतील आणि शिफारशी असतील: पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्या किंवा छापील द्या, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, विज्ञान-परिसर तोंडी विचारा. ही चार वाक्यं बाईंच्या हातात पडली की उद्यापासून काहीतरी बदलू शकतं. निदानाच्या नावावरून शाळा नावच काढायला सांगू लागली, तर सरकारमान्य शाळेला दिव्यांग मुलाशी भेदभाव करता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे.

आणि तारखेची वाट बघत हात बांधून बसू नका. नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकली, तरच अध्ययन अक्षमता म्हणतात. म्हणजे ती मदत द्यावीच लागणार आहे. क्लासचा दुसरा तास ही ती मदत नव्हे. जे शाळेत उमगलं नाही तेच पुन्हा भराभर केल्याने उमगत नाही. रोज दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा, एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याने. अडला तर तीन सेकंद थांबून शब्द सांगून टाका, परीक्षा घेऊ नका. पुस्तक त्याला रस असलेलं, हवं तर गाड्यांचं वेळापत्रकच. अभ्यासाचे धडे तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे वाचन जड म्हणून विज्ञानही मागे पडणार नाही.

राहिला मराठी शाळेचा प्रश्न. आता वर्षाच्या मध्यात हलवू नका. वाचन मराठीत सरळ आणि इंग्रजीतच अडत असेल, तर पाचवीला मराठी किंवा सेमी-इंग्रजीत घालायला माझी पूर्ण संमती आहे. नातेवाईक ‘माध्यम उतरवलं’ म्हणतील, म्हणू द्या. दोन्हीकडे अडत असेल तर नुसतं माध्यम बदलून वाचन सुटणार नाही. तरीही समजणाऱ्या भाषेत शिकल्याने अर्धा भार कमी होतो, आणि मग पाटी बघून शाळा निवडण्यापेक्षा जिथे विशेष शिक्षक आहे किंवा निदान बाई ऐकून घेतात, तिथे घाला. अहवाल समजावून द्यायला बसतील तेव्हा हा प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि उत्तर तोंडी न घेता शिफारशींत लिहून मागा.